टोपलीचा धंदा आणि आपली खतावणी

पहाटेच्या घाऊक बाजारात आमच्या व्यापारी बांधवांचे जाणे-येणे नित्याचेच असते. ट्रक रिकामे होतात, आडत्यांचे पुकारे सुरू होतात, हमालांची धावपळ चालते, आणि या गर्दीच्या कडेला टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाया भाव उतरण्याची वाट पाहात असतात. कोणी कोथिंबिरीच्या चार जुड्या उचलते, कोणी अर्धी गोणी कांदा घेते. ऊन चढेपर्यंत तोच माल मोहल्ल्याच्या नाक्यावर मांडलेला दिसतो. दुपारी त्यांच्यातलीच एखादी घरी जाऊन शिवणयंत्रावर बसते, कारण कारखानदाराचे नग उद्या सकाळी पोचवायचे असतात.

या बाईला विचारा, "आपण काय करता?" ती सांगेल, "काही नाही, घरीच असते." तिच्या घरच्यांना विचारा, तेही हेच सांगतील. शिरगणती करणाऱ्याच्या कागदावरही पुष्कळदा हेच उतरते. दिवसातून दहा-बारा तास राबणारी, माल पारखणारी, भाव ठरवणारी, उधारी वसूल करणारी ही बाई कोणाच्याच हिशेबात धंदेवाली नसते. तिची कमाई म्हणजे 'घराला हातभार'. वाचकहो, आमचे म्हणणे असे की हा हातभार नव्हे, हा धंदा आहे. आणि धंद्याला जे तीन आधार लागतात, म्हणजे भांडवल, जागा आणि लेखी हिशेब, ते तिला मिळत नाहीत म्हणूनच तो वर येत नाही. मेहनतीत ती कमी नाही, हुशारीतही नाही.

पन्नास रुपयांचे व्याज

प्रथम भांडवलाचे पाहू. अहमदाबादच्या भाजीवाल्या बायांची सत्तरच्या दशकातली एक रीत सर्वांना ठाऊक होती. सकाळी सावकाराकडून ५० रुपये घ्यायचे, त्यातून माल भरायचा, दिवसभर विकायचा आणि संध्याकाळी ५५ रुपये परत करायचे. ऐकताना वाटते, पाचच तर रुपये! पण आमच्या वाचकांना हिशेब शिकवावा लागत नाही. रोजचे ५ रुपये म्हणजे २६ दिवसांचे १३०. वर्षात ३०० दिवस धंदा केला तर १५०० रुपये. मूळ भांडवल ५०, त्यावरचे व्याज १५००, आणि वर्षाअखेर ते ५० रुपयेही तिचे नव्हेतच! दुसऱ्या वर्षी पहिल्या दिवशी ती पुन्हा त्याच दारात उभी.

असल्या दराने पैसा घेऊन कोणता पेढीवाला टिकेल? तरीही या बाया टिकून राहिल्या, यावरून त्यांची विक्रीची हातोटी दिसून येते. त्यांना दान नको होते. एकदाच हातात येऊन हातातच राहणारे ५० रुपये हवे होते. ते मिळाले असते तर रोजचे ५ रुपये घरात राहिले असते. आज रक्कम बदलली, शून्ये वाढली, पण सकाळी घेऊन संध्याकाळी फेडण्याची ही रीत आपल्या शहरांतून नाहीशी झालेली नाही.

व्यापाऱ्यांचीच जाहिरात

अहमदाबादचे नाव निघालेच आहे, तर तिथली हकीकत सविस्तर सांगणे उपयोगाचे होईल. त्यात व्यापारीही आहेत, कारागीरही आहेत आणि आपल्या समाजातील बायाही आहेत.

१९७१ साली तेथील कापड बाजारात डोक्यावरून गाठी वाहणाऱ्या बाया मजूर महाजन संघाच्या महिला विभागाकडे गेल्या. या विभागाचे काम इलाबेन भट्ट पाहात होत्या. बायांची तक्रार साधी होती: मजुरी फेऱ्यांवर ठरते, फेऱ्यांची नोंद कोणी ठेवत नाही, आणि व्यापारी देईल ते घ्यावे लागते. आपल्या महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी कायदा झाला होता. तिकडे तसे काही नव्हते. इलाबेननी ही स्थिती वर्तमानपत्रातून मांडली. व्यापाऱ्यांना राग आला. त्यांनीही वर्तमानपत्रातूनच उत्तर दिले की आरोप खोटे आहेत, आम्ही बायांना योग्य मजुरी देतो.

यावर इलाबेननी भांडण वाढवले नाही. व्यापाऱ्यांनी जे छापून आणले होते, तेच कार्डांवर छापून घेतले आणि बायांच्या हाती दिले. मजुरी घेताना बाई कार्ड पुढे करू लागली: शेठ, आपणच छापले आहे, तेवढे द्या! आम्हांला ही हकीकत फार बोलकी वाटते. व्यापाऱ्याचा शब्द हेच व्यापाऱ्याचे भांडवल असते. तो शब्द कागदावर आला की निरक्षर बाईच्या हातातही त्याचे वजन राहते. तोंडी हिशेबात ती नेहमी हरत होती, लेखी हिशेबात तिला उभे राहता आले.

डिसेंबर १९७१ मध्ये या बायांनी संघटना करण्याचे ठरवले. गाठी वाहणाऱ्यांच्या जोडीला जुन्या कपड्यांचा धंदा करणाऱ्या, आपण जिला बोहारीण म्हणतो तशा बायाही त्यात आल्या. नोंदणी कचेरीत अडचण निघाली. तुमचा मालक कोण? मालकच नाही तर कामगार संघटना कोणाविरुद्ध? उत्तर देण्यात आले की संघटना कोणाविरुद्ध नसते, ती एकमेकींसाठी असते. १२ एप्रिल १९७२ रोजी 'सेवा' या नावाने नोंदणी झाली. स्वतःचा धंदा करणारी बाईही कामगारच आहे, ही गोष्ट प्रथमच सरकारी कागदावर आली.

पुढचा प्रश्न अर्थातच सावकाराचा. प्रथम राष्ट्रीयीकृत बँकांकडे जाऊन पाहिले. पण मळक्या कपड्यांतली, कडेवर मूल घेतलेली, सही न येणारी बाई काउंटरपाशी आली की बाबू लोक वैतागत. बायांची कामाची वेळ आणि बँकेची वेळही जुळेना. तेव्हा बायांनीच आपली बँक काढण्याचे ठरवले. ४००० बायांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेतला. पुन्हा कचेरीचा आक्षेप आला की ज्यांना सही करता येत नाही त्यांची बँक कशी नोंदवायची? प्रवर्तक म्हणून पुढे झालेल्या बाया रात्रभर जागून आपापले नाव लिहायला शिकल्या आणि सह्या केल्या. मे १९७४ मध्ये श्री महिला सेवा सहकारी बँक उभी राहिली. सही न येणाऱ्या खातेदाराची ओळख पटावी म्हणून फोटो लावण्याची पद्धत ठेवली. ती बँक आजही चालू आहे. इलाबेन भट्ट २०२२ मध्ये वारल्या.

दरियापूरच्या खोळी

आमच्या कारागीर वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी हकीकत दरियापूरची आहे. अहमदाबादच्या या जुन्या वस्तीत मुस्लिम बाया गिरण्यांतून निघणाऱ्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवत. व्यापारी गिरण्यांतून चिंधी उचलत, ती बायांना वाटत, तयार खोळी नगावर परत घेत आणि बाजारात विकत. शिवणयंत्र बाईचे, दोरा बाईचा, खोली बाईची. व्यापाऱ्याची फक्त चिंधी. नगाचा दर मात्र व्यापारी ठरवी.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या बाया 'सेवा'कडे आल्या. बोलणी झाली, व्यापाऱ्यांनी दर वाढवून देण्याचे कबूलही केले. पण ज्या बाया पुढे होऊन बोलल्या होत्या त्यांचे काम काही दिवसांतच बंद होऊ लागले. कोणाला चिंधी मिळेना, कोणाला मिळाली ती इतकी वाईट की जोडताच येईना. दर वाढला, पण कच्चा माल दुसऱ्याच्या हातात असेल तर वाढलेला दर कागदावरच राहतो, हे तेव्हा बायांना कळून चुकले.

मग त्यांनी व्यापाऱ्याचेच काम शिकायला घेतले. गिरण्यांकडून थेट चिंधी घ्यायची, निवडायची, वजन करायचे, वाटायची आणि तयार माल स्वतः विकायचा. यातून पुढे 'सबीना' नावाची सहकारी संस्था उभी राहिली. काम सोपे नव्हते. चिंधीच्या गठ्ठ्यात वर चांगला आणि आत सडका माल असणे, भाव पडलेले असताना साठा अंगावर येणे, उधारी अडकणे, हे सारे त्यांनीही भोगले. व्यापाऱ्याला नफा का घ्यावा लागतो हेही त्यांना त्यातून उमगले असेल! पण मोहल्ल्यात काम देणारा दुसरा दरवाजा उघडला, आणि घासाघीस करताना बाईच्या पाठीशी काहीतरी आले.

अडचणी संपल्या असे नव्हे. १९८५ च्या दंगलीत अहमदाबाद महिनोन्महिने पेटत राहिले, संचारबंदी लागत राहिली, आणि हातावर पोट असणाऱ्यांची चूल थंडावली. त्याच दशकात गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या, आणि गिरणी बंद म्हणजे चिंधीही बंद. छोट्या धंद्याची मुळे मोठ्या धंद्यात किती खोल गेलेली असतात हे अशा वेळी दिसते.

गिरणगावची खानावळ

हे सारे गुजरातेतले झाले; पण आपल्या मुंबईतही त्याच सुमारास असाच प्रयोग झाला. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. महिनाभर जेवू घालायचे आणि पगाराच्या दिवशी पैसे घ्यायचे. तोपर्यंत वाणी उधारीवर धान्य देई, आणि उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा चढा असे. अंगावरचे दागिने गहाण पडत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्ज मिळवून दिले. तारण काय? एकीला दुसरीचा जामीन. बँकेला वाटत होते की पैसे बुडतील. पण ज्यांना दर महिन्याला वाण्याचे देणे फेडायची सवय होती त्यांना बँकेचा हप्ता जड नव्हता. १९८२ च्या गिरणी संपात या खानावळवाल्यांचेही कंबरडे मोडले, कारण जेवणारेच गावी गेले. तरीही जामिनाची ती रीत टिकली आणि पुढे पुष्कळ ठिकाणी उचलली गेली.

बसायचे कुठे?

आता जागेचा प्रश्न. माल आहे, भांडवल आहे, पण बसायला जागा नसेल तर धंदा होत नाही. दुकानदाराला गाळा असतो. टोपलीवालीला फक्त सवय असते. वीस वर्षे एकाच कोपऱ्यावर बसली म्हणून गिऱ्हाईक तिला ओळखते, पण पालिकेची गाडी ओळखत नाही. गाडी आली की माल उचलला जातो, आणि भाजी-फळ-मासळी सोडवून आणेपर्यंत सडून जाते. अहमदाबादच्या माणेक चौकातील भाजीवाल्यांची हीच कथा होती. आई बसायची त्या जागी मुलगी बसे, तरी त्या बेकायदेशीरच. त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

मुंबईच्या फेरीवाल्यांचे प्रकरणही सर्वोच्च न्यायालयात गेले होते, आणि फेरीवाला क्षेत्रे ठरवण्याची भाषा तेव्हापासूनची आहे. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस प्रकरणात न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. १९८९ मध्ये सोदान सिंग प्रकरणात सांगितले की रस्त्याकडेला माल विकणे हा धंद्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. अखेर संसदेने २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यातील काही गोष्टी प्रत्येक टोपलीवालीला पाठ असाव्यात:

शहरातील विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्वांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. हलवायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी देणे बंधनकारक आहे. नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी आणि इतर माल २ कामाच्या दिवसांत, ठरलेला दंड घेऊन, परत करावा लागतो. विक्रेत्याच्या मृत्यूनंतर प्रमाणपत्र पती-पत्नीपैकी मागे राहिलेल्यास किंवा अवलंबून असलेल्या मुलाला मिळू शकते. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात, त्यांतील एक तृतीयांश महिला असतात, आणि अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व द्यावे असे कायदा म्हणतो.

कायदा चांगला आहे, अंमलबजावणी लंगडी आहे. अनेक शहरांत सर्वेक्षण आणि समित्यांचा घोळ वर्षानुवर्षे चालू राहिला. पण सर्वेक्षणाच्या दिवशी जागेवर नवरा किंवा मुलगा असेल तर नाव त्याचे लागते आणि बाई पुन्हा 'घरीच' राहते. हा दोष सरकारचा नाही, आपला आहे. जी बसते तिचेच नाव लागले पाहिजे.

१ जून २०२० पासून केंद्र सरकारची पीएम स्वनिधी योजनाही आहे. टाळेबंदीत भांडवल खाऊन बसलेल्या पथविक्रेत्यांसाठी प्रथम १०,००० रुपयांचे विनातारण कर्ज सुरू झाले. २०२५ मध्ये योजनेची मुदत वाढवून पहिला टप्पा १५,०००, दुसरा २५,००० आणि तिसरा ५०,००० रुपयांपर्यंत करण्यात आला. वेळेवर फेडणाऱ्यास व्याजात ७ टक्के सवलत मिळते. तरीही व्याज आले म्हणून आपल्या समाजातील पुष्कळ बाया या वाटेने जात नाहीत. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण त्याच बाया नाइलाजाने सावकाराच्या रोजच्या १० टक्क्यांत अडकत असतील, तर ज्यांच्याकडे चार पैसे आहेत त्यांनी स्वतःला प्रश्न विचारायला हवा.

आपल्या वहीतले पान

आता थोडे स्पष्ट बोलतो; व्यापारी बांधवांनी राग मानू नये. घरी बसून शिवणकाम, जरीकाम, खडे लावणे, पाकिटे चिकटवणे, मणी ओवणे करणाऱ्या बायांना काम देणारे कोण? पुष्कळदा आपणच. आपल्या खतावणीत कापड आहे, दोरा आहे, दलाली आहे, टेम्पोचे भाडे आहे. त्या बाईचे नाव आहे का? तिची खोली आपल्या कारखान्याचा गाळा झाली, तिचे विजेचे बिल आपले बिल झाले, तिचे यंत्र आपले यंत्र झाले. त्याचा आकडा कुठे लिहिला? १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्याचे सार एवढेच की घरी केले म्हणून काम कमी दर्जाचे ठरत नाही. भारताने त्यावर अद्याप सही केलेली नाही. पण चांगला व्यवहार करायला कराराची वाट कशाला पाहायची?

व्यापारी म्हणतील, आमचाच नफा पातळ आहे, वरचा व्यापारी आम्हांला दाबतो. हे खरे आहे. मोठ्या पेढीने भाव तोडला की छोटा कारखानदार कुठे जाणार? पण वरून आलेला दाब जसाच्या तसा खाली ढकलायचा म्हटले तर शेवटी तो जिथे थांबतो तिथे एक बाई बसलेली असते, आणि तिच्या खाली कोणी नसते. काहीजण म्हणतील, बायांनी बाजारात बसावेच कशाला? त्यांना आम्ही एवढीच आठवण देतो की हजरत खदीजा (र.) मक्केच्या नामांकित व्यापारी होत्या. आणि ज्या घरात कमावता नाही, त्या घराची चूल या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

मग करता येण्यासारखे काय आहे? फार मोठे काही नाही. पहिले, काम घेणाऱ्या प्रत्येक बाईला एक छोटी वही द्या. किती नग दिले, किती आले, दर काय, किती कापले, का कापले, हे त्यात लिहा आणि सही करा. कापड बाजारातील त्या कार्डाचेच हे दुसरे रूप. दुसरे, दोरा-सुईचा खर्च दरातच धरा. तिसरे, मोहल्ल्यातील २० व्यापाऱ्यांनी प्रत्येकी १००० रुपये कर्जे हसना म्हणून एका जागी ठेवले तर २०,००० होतात. १० बायांना २००० प्रमाणे दिले आणि रोज ५० रुपये परत घेतले तर ४० दिवसांत रक्कम फिरून हातात येते. वर्षाला आठ-नऊ फेऱ्या होतील. ८०-९० वेळा कोणीतरी सावकाराच्या दारातून मागे वळेल. आणि आपले २०,००० वर्षाअखेर आपलेच राहतील.

खर्च म्हणावा तर वह्यांचा आणि थोड्या वेळाचा. एवढे केले तर पुढच्या वेळी कोणी तिला "आपण काय करता?" असे विचारील तेव्हा तिला "काही नाही" म्हणावे लागणार नाही. वही पुढे करून ती सांगेल, "माझा धंदा आहे."